वकील मिळाला, पण केव्हा?

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या हल्ल्यात जिवंत पकडला गेलेला एकमेव अतिरेकी अजमल कसाब याचे वकीलपत्र घेण्यास मुंबईतील वकिलांनी नकार दिला, तेव्हा सामान्य नागरिकाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या वकील महिलेच्या घरासमोर उग्र निदर्शने झाली. संतापाचे कारण समजण्याजोगे होते. त्याची दिशा मात्र चुकली होती. कसाबला सरकारी खर्चाने वकील मिळाला, सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक पायरीवर मिळाला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तो फासावर गेला. आरोपीची बाजू मांडलीच गेली नाही, असे म्हणण्यास कोणालाही जागा उरली नाही, ती त्या वकिलांमुळेच.

तरीही ‘गुन्हेगाराला करदात्याच्या पैशातून वकील कशाला?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतून आजही विचारला जातो. पकडला गेला तो गुन्हेगारच, हे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीतकाचे काय होते, हे मध्य प्रदेशातील खंडव्याच्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. जानेवारी २०१३ मध्ये तेथे नऊ वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिची हत्या झाली. एका गरीब तरुणाला अटक झाली. १९ फेब्रुवारीला न्यायालयाने त्याच्यासाठी वकील नेमला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. कागद वाचायला, आरोपीशी दोन शब्द बोलायला वकिलाला वेळ तरी कोठे होता? ४ मार्चला, म्हणजे पंधरवडाही पुरता उलटण्याआधी, निकाल लागला. शिक्षा फाशीची. ‘जलद न्याया’चे तेव्हा कौतुकही झाले असेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये हा निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला, आणि २०२४ मध्ये तो तरुण निर्दोष सुटला. अकरा वर्षे तो गजाआड होता. त्या बालिकेच्या आईवडिलांना काय मिळाले? खरा अपराधी कोण, हे त्यांना अद्याप कोणी सांगितलेले नाही. दुबळा बचाव केवळ आरोपीचे नुकसान करतो, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

याच निकालात न्यायालयाने दंडक घालून दिला, की जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी सात दिवस तरी द्यावेत. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले!

वस्तुत: हक्काची तरतूद जुनी आहे. घटनेचे कलम ३९-अ गरिबाला मोफत कायदेशीर साहाय्याची हमी देते. आणीबाणीत विरोधकांना कोठड्यांत डांबून जी बेचाळिसावी घटनादुरुस्ती रेटली गेली, तिच्यातूनच हे कलम आले, हा इतिहासाचा एक विचित्र विनोद! या कलमात प्राण फुंकला गेला तो १९७९ मध्ये, आणि त्याला निमित्त झाले एक पोलीस अधिकारी. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती वृत्तपत्रात मांडली. जो गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून अधिक काळ माणसे केवळ तारखेची वाट पाहत तेथे पडून होती. हुसैनारा खातून खटला उभा राहिला तो या लेखांवरून. पुढे भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात, १९८१ मध्ये, आरोपीला प्रथम हजर केले जाईल त्या क्षणापासून वकील मिळाला पाहिजे, असे ठरले. कसाबच्या अपिलाच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हेच कर्तव्य दंडाधिकाऱ्यांना पुन्हा बजावले.

पुन्हा पुन्हा बजावावे लागते, यातच सारे आले. अडचण आहे ती पहिल्याच दिवशी. हवालदार आरोपीला उभा करतो, ‘वकील आहे का?’ असे विचारले जाते, तो मान हलवतो, आणि पुढचा कागद पुढे येतो. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात लिहिले आहे; पण ते त्याच्या भाषेत त्याला सांगणार कोण? २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांत तीन. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले यांत आहेतच.

२०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ लोक अभिरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली आहे. फिर्यादीच्या बाजूला जसा सरकारी वकील, तसा बचावाच्या बाजूला हा पगारी वकील. योजना योग्य आहे. परंतु नामांकित वकिलांनी ‘ते काम नवशिक्यांचे’ म्हणून हात झटकले, तर तीही कागदावरच राहील. अलीपूर बॉम्ब खटल्यात अरविंद घोषांसाठी चित्तरंजन दास उभे राहिले, लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांसाठी भुलाभाई देसाई. ही परंपरा आपल्याच वकिलांची आहे. आमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अवैध ठरवले. तो कोइमतूरचा ठराव कोणाविरुद्ध होता? वकिलांशी झटापट झालेल्या पोलिसांविरुद्ध! आज पोलीस, उद्या आणखी कोणी.

दर वर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन साजरा होतो. शिबिरे भरतात, फलक लागतात. गावोगावच्या अनुभवी वकिलांनी त्या दिवशी जिल्हा कारागृहात परवानगी काढून जावे आणि प्रत्येक कच्च्या कैद्याला एवढेच विचारावे, की तुझ्या वकिलाचे नाव काय, आणि तो तुला शेवटचा कधी भेटला? ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांच्यापैकी एकाचे तरी वकीलपत्र त्याच दिवशी घेऊन यावे.