बाबांचं गॅरेज आणि माझी लेबलं

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी एक चालू सिस्टिम बंद पाडली. ऑफिसातली नव्हे, घरातली. बॅकअप नव्हता, रोलबॅक शक्य नव्हता आणि ज्यांची सिस्टिम होती ते त्या वेळी हॉस्पिटलमध्ये होते. सिस्टिम म्हणजे बाबांचं गॅरेज.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर इंदिरानगरात, बाजूला शटर असलेलं गॅरेज. बाबा सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. आयटीआय करून लागले ते थेट रिटायर होऊन बाहेर पडले. (मायको सर्कलला ते आजही मायको सर्कलच म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं ही त्यांच्या लेखी कालची गोष्ट.) रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी बाहेर बदामाच्या झाडाखाली लावायला सुरुवात केली आणि गॅरेजमध्ये व्हाइस बसवला. तेव्हापासून गल्लीतले मिक्सर, इस्त्र्या, कुकरचे दांडे, पोरांच्या सायकली, सगळं तिथे येतं. पैसे घेत नाहीत. चहा मात्र दोघांचा लागतो, आणि तो आईने करायचा असतो.

गॅरेज ही वस्तू तशी आपली नाहीच. आपल्याकडे माळा असतो, अडगळीची खोली असते, पलंगाखालची ट्रंक असते. पण घरातच काम करायची जागा असणं मात्र आपल्याला नवीन नाही. जुन्या नाशकातले तांबट राहायचे तिथेच भांडी घडवायचे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाचे सुरुवातीचे प्रयोग दादरच्या राहत्या घरात केले. त्या घरातल्या बाकीच्यांचं काय म्हणणं होतं, हे मला खरंच ऐकायला आवडलं असतं. :-)

कायद्यात मात्र गॅरेजला व्याख्या आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली, गाडी ठेवण्याची जागा म्हणजे गॅरेज. छत आणि भिंती सगळ्यांकडे सापडतात, घोडं गाडीपाशी अडतं. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. यूसीएलएच्या संशोधकांनी लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरातल्या वस्तूंचा अभ्यास केला होता, २०१२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्या घरांपैकी तीन चतुर्थांश गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नव्हती. आमच्या धंद्यातल्या लोकांचं श्रद्धास्थान असलेलं पालो आल्टोचं गॅरेज, जिथे ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३८-३९ मध्ये काम सुरू केलं, ते १२ बाय १८ फुटांचं. आमचं जवळपास तेवढंच. आमच्याकडे अजून सिलिकॉन व्हॅली झालेली नाही, पण शेजारच्या काकूंचा मिक्सर चालू झालाय.

असो. मुद्द्यावर येतो.

जुलैमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. नऊ दिवस ते आत होते. चौथ्या रात्री पाण्याची मोटर गुं-गुं आवाज करून बंद पडली. कपॅसिटर गेला असणार, एवढं बघूनबघून मलाही कळतं. आणि बाबांकडे जादा कपॅसिटर असतोच असतो, हेही माहीत होतं. फक्त कुठे? बाबांना विचारायची सोय नव्हती. मी दोन तास शोधलं. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, तेलाचे डबे, आईच्या जुन्या बरण्या, खिळेमोळे, वॉशर, अर्धे पंखे. घामाघूम झालो, हाताला पत्रा लागला, कपॅसिटर काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इलेक्ट्रिशियन आला तोवर आई बादल्यांनी पाणी वाहत होती, हॉस्पिटलचा डबा करता करता.

आमच्याकडे याला बस फॅक्टर म्हणतात. म्हणजे टीममधली किती माणसं बसखाली आल्यावर प्रोजेक्ट बसेल? आमच्या घराचा बस फॅक्टर एक होता. त्या रात्री तो विनोद सुचलाही आणि नकोसाही झाला.

मग मी जे केलं ते कोणीही सॉफ्टवेअरवाला करेल तेच. दोन शनिवार-रविवार लावले. झाकणवाले पारदर्शक प्लास्टिकचे डबे आणले, चाळीस. स्लॉटेड अँगलचे रॅक आणले. लेबलं छापली. सगळ्या वस्तू प्रकाराप्रमाणे लावल्या: स्क्रू एकीकडे, पाने एकीकडे, इलेक्ट्रिकचं एकीकडे, कानशी एका डब्यात. कशात काय आहे त्याची एक्सेल शीटही केली आणि आईला व्हॉट्सअॅपवर पाठवली. तिने अंगठा दाखवला. जे काय आहे ते ओळखता येत नव्हतं ते भंगारवाल्याला दिलं.

बाबा घरी आले. दहा-बारा दिवसांनी हळूहळू चालत गॅरेजपर्यंत गेले. शटर वर केल्यावर बराच वेळ उभे राहिले. "छान केलंस," म्हणाले आणि परत आले.

नंतर ते गॅरेजमध्ये गेलेच नाहीत. डॉक्टरांनी हलकं काम करायला सांगितलं होतं, तरी नाही. पुढच्या गल्लीतल्या काकांची इस्त्री तशीच पडून राहिली. टीव्ही पाहायला लागले, तोही दुपारचा. मला वाटलं ऑपरेशनचा थकवा. शेवटी आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, त्यांना तिथे काही सापडत नाही. आणि दर वेळी तुला विचारायला त्यांना बरं वाटत नाही."

ज्या माणसाने चाळीस वर्षं मायक्रॉनमध्ये माप घेतलं, त्याला स्वतःच्या गॅरेजमध्ये पेचकस कुठे आहे हे मुलाला विचारायला लागत होतं. मी त्यांचं काम सोपं केलं नव्हतं. मी ते माझ्या नावावर करून घेतलं होतं.

त्या रविवारी मी त्यांना घेऊन बसलो. आधी कपॅसिटरचं विचारलं. ते म्हणाले, "दाराच्या मागं, खिळ्याला लटकवलेल्या डब्यात. मोटरचा स्विच तिथेच आहे, मग कपॅसिटर अजून कुठे असणार?" मी बघतच राहिलो. त्यांच्या वस्तू प्रकाराप्रमाणे लावलेल्याच नव्हत्या, कामाप्रमाणे होत्या. कुकरचा दांडा, त्याचा स्क्रू आणि तो बसवायचा पेचकस एकाच डब्यात. सायकलचं पंक्चर म्हणजे एक पिशवी: त्यात सोल्युशन, रबर, कानशीचा तुकडा, सगळं. मी त्या पिशव्या फोडून सोल्युशन "चिकटवण्याचे पदार्थ" मध्ये आणि कानस "कानशी" मध्ये टाकली होती. चालू कोड होता, तो मी उचलून फाइलच्या एक्स्टेंशनप्रमाणे फोल्डरमध्ये वाटला.

आणि टेबलावरचा तो ढीग? त्यालाही शास्त्र आहे. स्लेटर आणि टार्जन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलेला एक निकाल आपल्यापैकी काहींनी कॉलेजात वाचला असेल: वापरलेली वस्तू दर वेळी यादीत सर्वांत पुढे आणून ठेवायची, एवढा एकच नियम पाळला, तर शोधायचा एकूण खर्च सर्वोत्तम पद्धतीच्या दुपटीपेक्षा जास्त होत नाही. त्या सर्वोत्तम पद्धतीला भविष्य आधीच माहीत असलं तरीही! युकिओ नोगुची या जपानी अर्थतज्ज्ञाची १९९३ ची कागद लावायची पद्धतही हीच, वापरलेला लिफाफा रांगेच्या टोकाला परत ठेवायचा. बाबांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांचा ढीग मात्र तसाच चालायचा, रोजचं वर, वर्षाचं खाली.

म्हणून माझं स्पष्ट मत झालंय की इंटरनेटवर गॅरेज आवरायचे जे व्हिडिओ दिसतात, ते बघायला छान आणि वागायला घातक आहेत. सगळे डब्यांपासून सुरू होतात. कारखान्यातली फाइव्ह एस पद्धत डब्यांपासून सुरू होत नाही. पहिला एस सेइरी, म्हणजे लागतं काय आणि लागत नाही काय हे वेगळं करणं. सेइटन, म्हणजे जागेवर लावणं, हा दुसरा. आणि बाबांचं त्यावर म्हणणं असं की हे ज्याचं मशीन त्यानेच करायचं असतं. वरून कोणी केलं की जमिनीवर पिवळे पट्टे तेवढे येतात.

माझा सेइरी तर गुन्हाच होता. भंगारात गेलेल्या वस्तूंत तीन भोकं पाडलेली एक जाड लोखंडी पट्टी होती, मधल्या भोकात बोल्ट. बाबांनी दोनदा विचारलं, "ती पट्टी?" मग म्हणाले, "पुलर होता तो. बेअरिंग काढायचा." नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः बनवलेला. मी भंगारवाल्याला शोधून काढलं. त्याने हसून मोठ्या ढिगाकडे बोट दाखवलं. नवीन पुलर बाजारात मिळतो, मी आणलाही. तो अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहे.

तर मग काय, पसारा तसाच ठेवायचा? नाही. चौथ्या रात्रीचा प्रश्न खरा होताच. ढिगाची अनुक्रमणिका एकाच डोक्यात असते आणि ते डोकं आता ७४ वर्षांचं आहे, हे बाबांनाही मान्य आहे. आम्ही शेवटी गॅरेजचे दोन भाग केले. व्हाइसच्या भोवती, हात पोचेल तेवढा भाग बाबांचा. तिथे लेबल नाही, डबा नाही, मी हात लावायचा नाही. कॅशे म्हणा. मागची भिंत घराची. तिथे घर चालू ठेवायला जे लागतं ते: मोटर, इन्व्हर्टर, गॅस, नळ, फ्यूज. ते कामाप्रमाणे लावलेलं, लेबल मोठ्या मराठी अक्षरांत. "मोटर बंद पडली तर", "नळ गळला तर". लेबलांचा मजकूर आईने ठरवला, कारण वेळ आली तर ते वाचायला बहुधा तीच असणार. एक्सेल शीट आम्ही काढून टाकली.

या दुरुस्तीत मी जे शिकलो ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. व्हाइसचा जबडा उभं राहिल्यावर कोपराच्या उंचीला आला पाहिजे, आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात म्हणे. (माझ्या लॅपटॉपच्या टेबलाची उंची मी कधी मोजली होती? मानदुखीचे पैसे मात्र भरतोय.) ट्यूब डोक्यामागे नको, समोर हवी, नाहीतर कामावर आपलीच सावली पडते. कानशी एकावर एक ठेवायच्या नाहीत, दाते बोथट होतात. मी वीस कानशी एका डब्यात कोंबल्या होत्या ते पाहून बाबांनी डोळे मिटून घेतले होते. नाशकातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घट्ट झाकणाचे डबे भरले की ओल आतच राहते, गणपतीपर्यंत माझ्या पारदर्शक डब्यांतल्या पान्यांवर गंज स्पष्ट दिसत होता. पुठ्ठ्याचे खोके त्याहून वाईट, ते ओल धरतात आणि वाळवीला आमंत्रण देतात. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा. आणि थिनरचे डबे मी नीटनेटके दिसावेत म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी रचले होते. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तेवढ्या एका गोष्टीवर बाबा आवाज चढवून बोलले. मला त्या आवाजाचं बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी ऐकला होता.

पुढच्या गल्लीतल्या काकांची इस्त्री दसऱ्याला परत गेली.

माझे चाळीसपैकी एकतीस डबे रिकामे झाले, आईने त्यातले बरेचसे स्वयंपाकघरात नेले. उरलेल्या नऊपैकी एक बाबांनी मागून घेतला आणि स्वतः त्यात काहीबाही भरलं: पितळी तुकडे, एक स्प्रिंग, कुठल्याशा मशीनचा नॉब. लेबलही स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं, त्यांच्या ड्रॉइंगच्या त्या सरळ अक्षरात: "काय आहे माहीत नाही. टाकू नये."