प्रत निघाली की नाही?

वाणिज्य शाखेच्या मुलीने कंपायलरवर लेख लिहावा हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. परंतु या विषयाने तोंडी परीक्षेत माझे गुण खाल्ले आहेत, तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क मला आहे असे मी समजते.

बी. कॉम.च्या जोडीला संगणकाचा एखादा वर्ग लावायचा, ही आमच्याकडे आता रीतच झाली आहे. मीही लावला. तिथल्या वहीत सी प्लस प्लस या भाषेविषयी दोन वाक्ये एकाखाली एक होती. पहिले : फंक्शनला 'इनलाइन' म्हटले की वेग वाढतो. दुसरे : आर्ग्युमेंट मूल्याने पाठवले की त्याची प्रत निघते, म्हणून वेग घटतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले इंग्रजी वाक्ये जशी पाठ करतात तशी मी ती पाठ केली. परीक्षकांनी विचारले, "आणि दोन्ही एकदम केले तर?" मी म्हणाले, "वाढतो आणि घटतो." सगळा वर्ग हसला, परीक्षकही हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. खरे उत्तर काय, ते मात्र कोणीच सांगितले नाही. मला राग आला तो त्याचा.

त्या सुटीत मी देवासला आत्याकडे गेले. देवास म्हणजे पवारांचे गाव. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी स्थापलेले राज्य पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन झाले. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार होते. आत्या हसून म्हणते, "आमच्याकडे सगळ्याचीच प्रत होती!" आपल्या बेळगावकडच्या लोकांना देवास ठाऊक असते ते कुमार गंधर्वांमुळे. सुळेभावीचे हे शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. १९४८ साली ते क्षयाच्या आजारामुळे देवासला आले आणि १९९२ साली गेले तोवर तिथेच राहिले.

आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, संगणकाचे प्रोग्राम लिहून पोट भरतो. त्याला माझी फजिती सांगितली. मला वाटले तोही हसेल. तो म्हणाला, "तू वाणिज्याची ना? जमाखर्च जुळला म्हणून तुम्ही लोक व्हाउचर न बघता सही करता का?" मी नाही म्हटले. "मग कंपायलरचे व्हाउचर बघ."

आता विषय जरा सोपा करून सांगते. सरकारी कचेरीत आपण दाखला देतो तेव्हा मूळ कागद देत नाही, सत्यप्रत देतो. आपल्याकडचा कारकूनही म्हणतो, "असलु बेड, नकलु कोडी." त्या प्रतीवर त्याने रेघोट्या ओढल्या, शिक्के मारले, तरी मूळ कागद घरी ट्रंकेत शाबूत. मूल्याने पाठवणे म्हणजे हेच. आणि इनलाइन म्हणजे काय? खिडकीपाशी न जाता कारकुनाचे काम आपल्याच टेबलावर उरकून घेणे. फंक्शनचा मजकूर हाक मारण्याच्या जागीच उतरवायचा, म्हणजे जाण्यायेण्याची खेप वाचते.

मग प्रश्न असा की, काम आपल्याच टेबलावर होणार असेल तर सत्यप्रत काढायचीच कशाला? कागद नुसता वाचायचा असेल तर नकोच. त्यावर खाडाखोड करायची असेल तर हवी. चांगला कंपायलर नेमका हाच विचार करतो. प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वागणे बदलू नये, एवढा नियम पाळला की आतल्या आत काय गाळावे ते त्याने ठरवावे, अशी भाषेची त्याला मुभा आहे.

प्रत काढणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असेही नव्हे. १९६० च्या अल्गोल अहवालात, ज्याचे संपादन पीटर नाउर यांनी केले, आर्ग्युमेंट देण्याच्या दोन रीती आहेत, मूल्याने आणि नावाने. नावाने दिले तर आर्ग्युमेंटचा मजकूर जसाच्या तसा जागोजागी चिकटवायचा. सी भाषेतला मॅक्रोही असाच चिकटवाचिकटवी करतो. वर्ग काढणाऱ्या मॅक्रोला 'पुढची संख्या वाच' असे आर्ग्युमेंट दिले, तर तो दोनदा वाचतो आणि दोन वेगळ्या संख्यांचा गुणाकार करून मोकळा होतो. इनलाइन फंक्शन मूल्य एकदाच काढते. वेग मॅक्रोचा आणि भरवसा फंक्शनचा, असा तो सौदा आहे.

दादाने छोटासा प्रयोग मांडला. सोळा पूर्णांकांची, म्हणजे ६४ बाइटांची एक रचना केली. ती मूल्याने घेऊन तिच्यातल्या दोन संख्यांची बेरीज देणारे फंक्शन लिहिले आणि त्याला इनलाइन म्हटले. जीसीसी हा फुकट मिळणारा कंपायलर प्रथम सुधारणा बंद ठेवून चालवला आणि त्याने तयार केलेली असेंब्ली उघडली. पाहते तो काय, सगळी ६४ बाइट प्रत काढलेली आणि फंक्शनला हाकही मारलेली! इनलाइन हा शब्द शोभेपुरता. मग सुधारणेची दुसरी पायरी लावली. हाक गेली, प्रतही गेली. उरले दोन संख्या उचलणे आणि एक बेरीज. शेवटी त्याने इनलाइन हा शब्दच खोडला. असेंब्लीत काही फरक नाही! आजच्या सी प्लस प्लसमध्ये त्या शब्दाचा मुख्य अर्थ एवढाच की तेच फंक्शन अनेक फायलींत लिहिलेले चालेल. जागेवर उतरवायचे की नाही, ते कंपायलर आपल्या अंदाजाने ठरवतो.

मला हुरूप आला. म्हटले, घड्याळ लावून वेग मोजू. दहा कोटी वेळा फंक्शन चालवले तर वेळ आला शून्य! उत्तर कुठेच वापरले नव्हते म्हणून कंपायलरने सगळे चक्रच काढून टाकले होते. उत्तर छापले, तरीही शून्य. संख्या आधीच ठरलेल्या असल्यामुळे हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता. म्हणजे मी मोजत होते काय, तर काहीच नाही. घड्याळाचा आकडा हा आमच्या ट्रायल बॅलन्ससारखा आहे. तो जुळला म्हणजे वह्या बरोबर, असे म्हणता येत नाही. एखादी नोंद समूळ राहून गेली तरी दोन्ही बाजू जुळतातच.

नंतर दादाने फंक्शन दुसऱ्या फाइलीत ठेवले. हाक परत आली, प्रतही परत आली, कारण एक फाइल वाचताना कंपायलरला दुसरीतला मजकूर दिसत नाही. दोन्ही फायली जोडतानाच्या सुधारणेस परवानगी दिली तरच दिसतो. शेवटी त्याने रचनेला असे शिकवले की प्रत निघताना तिने पडद्यावर एक ओळ छापावी. आता फंक्शन जागेवर उतरले, पण ओळ छापली गेलीच. छापलेली ओळ बाहेरून दिसते, तेव्हा ती प्रत गाळण्याची मुभा नाही. हाक वाचली म्हणजे प्रत वाचली, असे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी आतोबांबरोबर इंदूरमार्गे धारला गेले. आतोबा निवृत्त संस्कृत शिक्षक. आदल्या रात्रीची आमची चर्चा त्यांनी ऐकली होती. बसमध्ये म्हणाले, "हे तर आमच्या भोजराजाने केलेय." अकराव्या शतकात धारला राज्य करणाऱ्या भोजाने 'सरस्वतीकंठाभरण' नावाचे व्याकरण रचले. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार. ती इतकी आटोपशीर राहिली, कारण गणपाठातल्या याद्या, उणादी सूत्रे, परिभाषा हे सगळे त्याने वेगळे ठेवले आहे. सूत्र वाचता वाचता विद्यार्थ्याला तिकडे जाऊन यावे लागते. भोजाने हे बाहेरचे सामान उचलून मूळ सूत्रपाठातच बसवले. सूत्रे झाली सहा हजारांहून अधिक! खेपा वाचल्या, पण ग्रंथ फुगला. कंपायलरचा तराजूही तोच. लहान फंक्शन तो जागेवर उतरवतो. मोठे फंक्शन दहा ठिकाणी उतरवले तर प्रोग्राम फुगेल, म्हणून तिथे हाकच राहू देतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वहीतली ती दोन वाक्ये खोटी नाहीत, पण ती अर्धीच आहेत, आणि अर्धे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी पहिल्याच उलट प्रश्नाला आडवा पडतो. वर्ग चालवणाऱ्यांनी तासाला एकदा तरी असेंब्लीचे एक पान फळ्यावर मांडावे. त्याला खर्च नाही. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेल्या 'कंपायलर एक्सप्लोरर'वर तर एका बाजूला आपला मजकूर आणि दुसऱ्या बाजूला असेंब्ली, असे फोनवरदेखील पाहता येते. सगळ्या ओळी समजायला हव्यात असे नाही. फंक्शनला हाक आहे की नाही आणि रचना उचलून ठेवली आहे की नाही, एवढे ओळखायला मला एक संध्याकाळ पुरली.

आम्हा विद्यार्थ्यांसाठीही एक सांगणे आहे. इंग्रजी शब्द अडला की आपण त्याला पाठांतराची कुबडी देतो. मी आत्याला समजावून सांगायला बसले तेव्हा 'सत्यप्रत' हा शब्द सापडला, आणि महिनाभर पाठ करून जे कळले नव्हते ते स्वयंपाकघरात कळले. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, पण घरातल्या कुणाला तरी सांगून पाहा.

ते परीक्षक पुन्हा भेटले तर मी त्यांना उलट विचारीन, "सर, कोणता कंपायलर, सुधारणेची कोणती पायरी, फंक्शनचा मजकूर त्याला दिसतो का, आणि प्रतीला कोणी हात लावणार आहे का?" एवढे त्यांनी सांगितले तर उत्तर देईन, आणि तेही असेंब्ली उघडून पाहिल्यावर.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष