हंसाबेनचा शब्द आणि वसईचा सातबारा

दरवर्षी 10 डिसेंबरला मानवी हक्कांवर भाषणे होतात. त्यांत हंसाबेन मेहता यांचे नाव क्वचितच ऐकू येते. हे विस्मरण निदान मुंबईच्या आसपासच्या कार्यकर्त्यांना तरी शोभणारे नाही. सुरतेत 1897 मध्ये जन्मलेल्या या बाईंचे सार्वजनिक जीवन मुंबईतच घडले. 1930 च्या चळवळीत त्यांनी येथे परदेशी कापडाच्या दुकानांवर पिकेटिंग केले, तुरुंगवास सोसला. पुढे महर्षी कर्व्यांनी स्थापलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर 1947 मध्ये त्या भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या, तेव्हा अठरा सदस्यांत स्त्रिया दोनच होत्या. एक अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट, दुसऱ्या हंसाबेन. जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ होऊ शकणारा इंग्रजी शब्द होता. त्यात स्त्रिया गृहीतच आहेत, असे रूझवेल्टबाईंचे म्हणणे. हंसाबेनना ते मान्य नव्हते. याच शब्दाचा आधार घेऊन काही देश स्त्रियांना वगळतील, असा त्यांचा आक्षेप होता. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा संमत झाला, तो 'सर्व मानव' या शब्दांनिशी. ज्यांना हा केवळ शब्दच्छल वाटतो, त्यांनी गृहीत धरलेल्या माणसाचे व्यवहारात काय होते ते पाहावे.

त्याच जाहीरनाम्याचे 17 वे कलम प्रत्येकाला मालमत्ता धारण करण्याचा हक्क देते. आपण समाजवादी या कलमाकडे संशयाने पाहतो, आणि त्याला कारणेही आहेत. परंतु जिच्या नावे गुंठाभर जमीन नाही, अशा बाईच्या बाजूने ते वाचले म्हणजे त्याचा अर्थ पालटतो.

निर्मळ, वाघोली, आगाशीच्या वाड्यांत फुले आणि भाजी पिकते ती बायांच्या श्रमावर. पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईच्या बाजारात नेतात त्याही बायाच. सातबारावर मात्र नाव बापाचे, नवऱ्याचे किंवा भावाचे. नालासोपारा-विरारच्या इमारती उभ्या राहू लागल्या, गुंठ्याला भाव आला, तेव्हा घरोघरी लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवण झाली, ती हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती!

दोष सर्वस्वी कायद्याचा आहे, असेही नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाला लागू असणाऱ्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी आहेत. हिंदू मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये, आधीच विवाह झालेल्यांना वगळून, दिला. 2005 मध्ये केंद्राने तो सर्व मुलींना दिला. वसई पूर्वेच्या पाड्यांवरील वारली बाईची गोष्ट निराळी. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायद्यातून कलम 2(2) नेच वगळले आहे. तिच्यासाठी कायद्यापासूनच झगडावे लागेल. इतरांच्या बाबतीत कायदा आहे, पण सही त्याच्यावर मात करते.

ही सही स्वखुशीची असते, असे सांगितले जाते. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे पटणे कठीण. सौदा मुक्त म्हणायचा तर नकार देण्याची ऐपत दोन्ही पक्षांना हवी. नाही म्हटले तर माहेरचा उंबरा कायमचा बंद होईल, हे जिला ठाऊक आहे, तिच्यापाशी ती ऐपत कोठून असणार? कागदावर मात्र ती 'मानव' म्हणून सही करते.

तेव्हा येत्या 10 डिसेंबरला आपल्या शाखांनी हंसाबेनच्या तसबिरीला हार जरूर घालावा. परंतु त्याच दिवशी गावोगावी बायांना त्यांच्या घरचा सातबारा आणि फेरफार वाचून दाखवावेत. हक्कसोडपत्राची नोंदणी करताना दुय्यम निबंधकाने बाईला एकटीला बोलावून विचारावे, आणि ठरलेला मोबदला तिच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा मागावा, अशी मागणी शासनाकडे करावी. वाचनाचा आरंभ शाखेच्या पदाधिकाऱ्यांच्या सातबारापासून करण्यास कोणाची हरकत नसावी.