जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलायचं?
रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड ही जोडी २०१७च्या सुमारास कित्येक घरांत आली. आता नवे गेम तिच्यावर अडखळतात आणि जो तो नवं कार्ड घ्यायला सांगतो. पैसे मोजण्याआधी गेमचं रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणून बघा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दमलंय; जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरच कमी पडतोय आणि महागडं कार्डही अर्धा वेळ रिकामं बसेल. एएमडीने रायझनच्या एएम४ सॉकेटला दीर्घायुष्य दिलं, याबद्दल मला खरंच कृतज्ञता वाटते. त्या काळातले बहुतेक बी३५० आणि बी४५० मदरबोर्ड बायोस अपडेट केल्यावर २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसरसुद्धा चालवतात. त्यातली ९६ एमबी एल३ कॅश गेमला फार उपयोगी पडते. पण तो आता नवा मिळणं अवघड, म्हणून साधा ५६०० घ्यावा असं माझं मत. (बायोस जुना प्रोसेसर काढण्याआधीच अपडेट करायचा.) रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडा. एसएसडीने लोडिंग झटपट होतं, फ्रेम सहसा वाढत नाहीत. कार्ड घ्यायचंच ठरलं तर पीसीआयई लेन तपासा : आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत, त्यामुळे ३.०च्या जुन्या बोर्डावर ते ठळकपणे मागे पडतं. आणि पॉवर सप्लाय जुना, त्यातून बिनब्रँडचा असेल, तर नवं कार्ड त्याला जोडूच नका. आधी तो बदला.