प्रतिजैविकांचा खर्च कोणाच्या खाती?

प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी तिचे सूक्ष्म तुकडे सुईने काढून तपासावे लागतात. वर्षानुवर्षे ही सुई गुदाशयाच्या भिंतीतून घातली जात आली. तेथील ई. कोलाय जंतू तिच्याबरोबर रक्तात शिरू नयेत म्हणून आधी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी देण्याचा प्रघात पडला. गोळी स्वस्त, आणि रुग्ण सायंकाळी घरी! हा हिशेब जंतूंनीच मोडला. गोळीला न जुमानणारे जंतू बळावले आणि केवळ तपासणीसाठी गेलेल्या काही वृद्धांच्या जिवावर बेतले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालांनुसार तर रुग्णालयांतील ई. कोलायच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर हे औषध चालत नाही.

प्रश्न निव्वळ वैद्यकाचा नाही. सर्दी-पडशासाठी चिठ्ठीवाचून गोळ्या घेणारे गिऱ्हाईक गोळ्यांची किंमत मोजते. औषधाची शक्ती मात्र सर्वांच्या खात्यातून खर्ची पडते. गायरानाचे होते तेच येथे.

युरोपीय आयोगाने २०१९ साली या कामी सदर गोळीची मान्यता काढून घेतली. सुई गुदद्वारापुढील त्वचेतून घालावी, अथवा गुदाशयातील जंतू आधी तपासून औषध निवडावे, हे मार्ग उपलब्ध आहेत. त्यांत खर्च वाढतो, हे खरे. परंतु तो पावतीवर दिसतो. अतिदक्षता विभागातील आठवडा एखाद्याच्या निवृत्तिवेतनातून जातो, म्हणून तुलनेत धरलाच जात नाही. तो धरावयाचा, तर सार्वजनिक रुग्णालयांनी या तपासणीनंतरच्या जंतुदोषांची नोंद प्रथम स्वतंत्रपणे ठेवावयास हवी.