नमुना सही सापडली नाही म्हणून

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचे शहर नव्हे, सिएटल जिथे आहे ते राज्य) २००४ साली गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडतात आणि कारभारही तोच पाहतो. सुमारे २८ लाख मते पडली. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाचे डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे होते. यंत्राने फेरमोजणी केल्यावर आघाडी ४२ वर आली. मग डेमोक्रॅटिक पक्षाने पैसे भरून हाताने मोजणी करून घेतली आणि त्यांच्या क्रिस्टीन ग्रेगॉयर १२९ मतांनी विजयी ठरल्या.

आम्हा बँकेतल्या माणसांचे लक्ष मात्र मधल्या एका गोष्टीकडे जाते. किंग काउंटीत टपालाने आलेली सातशेवर मते नाकारली गेली होती, कारण मतदाराची नमुना सही संगणकात मिळाली नाही. कागदी नोंद कोणी नीट पाहिलीच नव्हती. हे उघडकीस आले ते नाकारलेल्यांच्या यादीत काउंटी कौन्सिलचे सदस्य लॅरी फिलिप्स यांना स्वतःचेच नाव दिसले म्हणून! सही न जुळणे वेगळे आणि नमुनाच न सापडणे वेगळे. दुसऱ्यात चूक कचेरीची, खातेदाराची नव्हे. यादीत आडनाव भलतेच छापले म्हणून मतदान केंद्रावरून परत आलेली मंडळी आपल्यातही आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकदा नाकारलेली मते फेरमोजणीत घेता येणार नाहीत, हे रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मानले नाही. आमच्या मते योग्यच केले.

रॉसी यांनी निकालाला आव्हान दिले. न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांना १,६७८ बेकायदा मते आढळली, म्हणजे आघाडीच्या तेरापट. तरी निवडणूक रद्द झाली नाही, कारण ती कोणाला पडली याचा पुरावा नव्हता. त्या त्या भागातील मतांच्या प्रमाणात ती वजा करावीत, हा युक्तिवादही त्यांनी फेटाळला. तफावत निघाली म्हणून अंदाजाने कोणाच्याही खात्याला रक्कम नावे टाकता येत नाही, हे आम्हाला पटते. पण १,६७८ हा आकडा लाजिरवाणा आहे, हे ग्रेगॉयर यांच्या समर्थकांनीही मान्य करायला हवे.

जून २००५ मध्ये हा निकाल लागला. रॉसी यांनी अपील केले नाही. २००८ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा ग्रेगॉयर स्पष्ट बहुमताने निवडून आल्या.