मॉनिटर आधी, कार्ड नंतर: एआयच्या फ्रेम मोजताना फसू नका

२०२५ च्या दिवाळीत सांगलीला मामाकडे गेले होते. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळ संपायच्या आत त्यानं फोन माझ्यापुढे धरला. एका दुकानाचं कोटेशन होतं. "ताई, बघ ना! ९५ हजारांत २४० एफपीएस. मॉनिटरपण २७ इंची, २४० हर्ट्झचा."

पैसे अर्धे मामाचे होते. उरलेले त्यानं दोन वर्षं शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. म्हणजे एकदा चुकलं की पुढची चार-पाच वर्षं त्याच पीसीवर काढायची.

कोटेशनमधल्या दोन गोष्टी मला खटकल्या. ग्राफिक्स कार्डासमोर लिहिलं होतं "एआयसह २४० एफपीएस". आणि मॉनिटरसमोर, बारीक अक्षरात, "१०८०पी". मला खटकायचं कारण साधं आहे. काही वर्षांपूर्वी हीच चूक मी केली होती. २७ इंची, १०८०पी मॉनिटर घेतला, आणि त्यावरची अक्षरं दाणेदार दिसतात म्हणून आजही कुरकुरते आहे.

आज एआय अपस्केलिंग हा विषय म्हणूनच घेतलाय. तंत्र खरंच भारी आहे. पण ते कुठे कामाला येतं आणि कुठे फक्त जाहिरातीला, हे बऱ्याच अंशी तुमचा मॉनिटर ठरवतो.

२०२५ च्या जानेवारीत काय झालं?

सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली. तिथला सगळ्यात गाजलेला दावा होता: ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये आरटीएक्स ४०९० चा परफॉर्मन्स. हे एआयशिवाय शक्य नव्हतं, असंही ते तिथेच म्हणाले.

ऐकायला जबरदस्त. पण ४०९० मध्ये २४ जीबी व्हिडिओ मेमरी आहे, ५०७० मध्ये १२. स्वतंत्र चाचण्या झाल्या तेव्हा एआय फ्रेम बंद ठेवून ५०७० साधारण ४०७० सुपरच्या आसपास भरलं. मग दावा खोटा होता का? तर मोजणीची पद्धत बदलली होती. कार्डानं स्वतः काढलेल्या फ्रेम आणि एआयनं मध्ये घातलेल्या फ्रेम, दोन्ही एकाच बेरजेत धरल्या होत्या.

हुआंग यांनी मंचावर एक गणितही सांगितलं. फोर-केच्या चार फ्रेममध्ये मिळून सुमारे ३ कोटी ३० लाख पिक्सेल असतात. त्यातले फक्त २० लाखांच्या आसपास कार्ड खरोखर काढतं, बाकी एआय. म्हणजे १६ पैकी १५ पिक्सेल एआयचे. या १५ मध्ये दोन वेगवेगळी कामं एकत्र झाली आहेत, आणि आपला सगळा गोंधळ तिथेच होतो.

काम पहिलं: अपस्केलिंग

तुमच्या फोनचा नाइट मोड आठवा. अंधारात फोटो काढताना फोन म्हणतो, "हात हलवू नका". तेवढ्यात तो एकामागोमाग अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक स्वच्छ फोटो देतो. एकाच फोटोत जी माहिती नव्हती, ती बाकीच्यांतून येते.

अपस्केलिंगचं तत्त्व हेच. गेम लहान रिझोल्यूशनवर चालतो, त्यामुळे कार्डावरचा भार हलका होतो. प्रत्येक फ्रेममध्ये कॅमेरा अगदी किंचित, एका पिक्सेलपेक्षाही कमी, सरकवला जातो. कोणती वस्तू कुठल्या दिशेनं हलली हे गेम स्वतः सांगतो. मग एआय मागच्या फ्रेममधली माहिती आत्ताच्या फ्रेमवर नीट बसवून मोठं चित्र तयार करतं. बराचसा तपशील मागच्या फ्रेममधून खराखुरा गोळा केलेला असतो.

हे पहिल्यापासून इतकं चांगलं नव्हतं. २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेसोबत आलेलं पहिलं डीएलएसएस गेमनुसार वेगळं शिकवावं लागायचं आणि चित्र पुसट दिसायचं. २०२० च्या डीएलएसएस २ पासून ही जोडण्याची पद्धत नीट बसली. २०२५ मधल्या डीएलएसएस ४ मध्ये एआयचं मॉडेलच नवं आलं आणि ते जुन्या आरटीएक्स २० मालिकेलाही मिळालं. एएमडीनं एफएसआर ४ मध्ये पहिल्यांदा मशीन लर्निंग आणलं, तेही २०२५ मध्येच, आरएक्स ९०७० कार्डांसोबत. इंटेलचं एक्सईएसएस २०२२ पासून आहे.

तुमच्याकडे जुनं आरटीएक्स २०६० पडलं असेल, तर हे खऱ्या अर्थानं फुकटचं अपग्रेड आहे. आधी ते वापरून बघा.

मग मॉनिटरचा काय संबंध?

एआयला चित्र मोठं करायला आधी पुरेसं मोठं चित्र हातात हवं. आता सेटिंगमधली "क्वालिटी" आणि "परफॉर्मन्स" ही नावं बघा. क्वालिटीत गेम दोन्ही बाजूंनी साधारण दोन-तृतीयांश आकारात चालतो, परफॉर्मन्समध्ये निम्म्या.

- १०८०पी मॉनिटर: क्वालिटीत गेम ७२०पी वर चालतो, परफॉर्मन्समध्ये ५४०पी वर.
- १४४०पी मॉनिटर: क्वालिटीत ९६०पी, परफॉर्मन्समध्ये ७२०पी.
- फोर-के मॉनिटर: क्वालिटीत १४४०पी, परफॉर्मन्समध्ये १०८०पी.

मामेभावाला मी हेच वहीत लिहून दाखवलं. त्याच्या १०८०पी मॉनिटरवर परफॉर्मन्स लावला की एआयच्या हाती ५४०पी चं चित्र येणार. यूट्यूबवर नेट स्लो असताना ४८०पी दिसतं ना, त्याच्या जरा वर. गवत, जाळ्या, लांबच्या विजेच्या तारा अशा बारीक गोष्टी तिथे थरथरतात, हलत्या वस्तूंच्या मागे सावलीसारखी शेपटी दिसते. फोर-के मॉनिटरवर तोच परफॉर्मन्स मोड १०८०पी पासून सुरू होतो आणि बरेचदा छान दिसतो.

म्हणजे गंमत अशी की ज्याच्याकडे महाग मॉनिटर आहे त्याला अपस्केलिंगचा फायदा जास्त. आणि ज्याला स्वस्तात फ्रेम हव्यात, त्या १०८०पी वाल्याला तो सगळ्यात कमी. जाहिराती मात्र याच मुलाला डोळ्यांसमोर ठेवून होतात.

काम दुसरं: मधल्या फ्रेम

शाळेत वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवली असतील. समजा पान १ आणि पान ३ तुम्ही काढलं, मधलं पान २ मित्रानं अंदाजानं काढलं. हालचाल गुळगुळीत दिसेल. पण पान २ काढायला मित्राच्या हातात पान ३ आधी यायला हवं. तोपर्यंत पान ३ तुम्हाला दाखवता येत नाही.

फ्रेम जनरेशन असंच चालतं. तयार झालेली खरी फ्रेम थोडी रोखून धरायची, मधे एआयची फ्रेम दाखवायची, मग खरी. आरटीएक्स ४० मालिकेत दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक घातली जायची. ५० मालिका आली तेव्हा ती सोय तीनपर्यंत गेली. म्हणून खऱ्या ६० च्या स्क्रीनवर २४० दिसतात.

पण माउस हलवल्याचं गेमला कळतं ते खऱ्या फ्रेममध्येच. ३० खऱ्या फ्रेमचे १२० केले तर डोळ्यांना १२० वाटतं, हाताला ३० पेक्षाही किंचित जड. फोन हँग होताना टचला उशिरा रिस्पॉन्स मिळतो, तशी ती भावना. एएमडीनं स्वतःच हे वापरण्याआधी किमान ६० फ्रेम असाव्यात असं सुचवलं होतं.

आता गेम कंपन्या काय करतात बघा. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या अधिकृत शिफारशीत १०८०पी वर ६० एफपीएस लिहिलं होतं, तेही फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे जी गोष्ट ६० च्या पुढे जायला सुचवली होती, ती ६० गाठायला वापरली गेली. कुबडी मिळाली म्हणून चालणंच सोडून द्यावं, तसला प्रकार. याचं बिल कंपनी भरत नाही, आपण भरतो.

आणि मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर २४० फ्रेम तयार होऊनही त्याला सेकंदाला ७५ च दाखवता येतात. इथेही शेवटचा शब्द मॉनिटरचाच.

मग घ्यायचं काय?

फोन आपण चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरतो आणि त्यात इंचाला चारशेच्या आसपास पिक्सेल असतात. मॉनिटर दोन-अडीच फुटांवर असतो, म्हणून कमी पिक्सेल चालतात, पण त्यालाही मर्यादा आहे. २४ इंची १०८०पी मध्ये इंचाला सुमारे ९२ पिक्सेल, २७ इंची १०८०पी मध्ये ८२, २७ इंची १४४०पी मध्ये १०९. माझ्या घरी जे दाणेदार दिसतं ते या ८२ मुळे.

माझा हिशोब असा:

- फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक खेळता? हे गेम हलके आहेत, एआयची गरजच नाही. २४ इंची १०८०पी, जास्त हर्ट्झचा मॉनिटर घ्या आणि वाचलेले पैसे प्रोसेसरला लावा.
- सायबरपंकसारखे मोठे गेम आणि सोबत अभ्यास, कोडिंग? २७ इंची १४४०पी, १४४ ते १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनेल. अपस्केलिंग क्वालिटीवर ठेवा. पैसे वसूल होतात ते इथे.
- फोर-के? ३२ इंची स्क्रीन आणि दणकट कार्ड असेल तरच. अपस्केलिंगनं भार कमी होतो, पण साध्या १०८०पी इतका कमी होत नाही, आणि व्हिडिओ मेमरी जास्त लागते.

व्हीए पॅनेलचा काळा रंग खोल असतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात डाग ओढल्यासारखे दिसतात. ओलेड अप्रतिम, पण दिवसभर एकच टास्कबार समोर असेल तर कायमचा ठसा उमटायची भीती आहे. खोक्यावर "एचडीआर ४००" लिहिलं म्हणून जास्त पैसे देऊ नका, तो सगळ्यात खालचा दर्जा आहे. व्हेरिएबल रिफ्रेश रेट मात्र हवाच, फ्रेम खालीवर झाल्या तरी चित्र फाटत नाही.

"जीएसटी कमी झाला, मॉनिटर स्वस्त" असं कोणी सांगितलं तर आकार विचारा. सप्टेंबर २०२५ मधली २८ वरून १८ टक्क्यांची कपात ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरसाठी होती. त्याखालचे आधीपासूनच १८ टक्क्यांत होते.

लॅपटॉप घेणार असाल तर आणखी एक गोष्ट: सारख्या नावाला फसू नका. डेस्कटॉपच्या ५०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ५०७० मध्ये ८. फ्रेम जनरेशनलाही मेमरी लागतेच.

आणि एआयचं दुसरं बिल

मामेभावानं महिनाभर विचार केला. तोपर्यंत रॅमचे भाव चढले. कारण पुन्हा एआयच. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना डेटा सेंटरकडून जास्त पैसा मिळतो, त्यामुळे माल तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर आपला क्रुशिअल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. एआय एका हातानं फुकट फ्रेम देतं आणि दुसऱ्या हातानं रॅमचे पैसे घेतं.

शेवटी त्यानं रंगीत दिव्यांचा कॅबिनेट आणि लिक्विड कूलर काढून टाकला. २४० हर्ट्झचा हट्ट सोडला. २७ इंची १४४०पी मॉनिटर आणि १६ जीबी मेमरीचं कार्ड घेतलं. रॅमची सध्या एकच कांडी लावलीय, दुसरी भाव उतरल्यावर. तरीही बजेट सात हजारांनी वर गेलं, त्यासाठी त्यानं एक शिकवणी वाढवली.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा तीनच प्रश्न विचारा. हे एफपीएस कोणत्या रिझोल्यूशनवर? अपस्केलिंग कोणत्या मोडवर? आणि फ्रेम जनरेशन बंद केल्यावर किती? उत्तर टाळलं तर कोटेशन खिशात घाला आणि पुढच्या दुकानात जा. घरी आल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघायला विसरू नका. १४४ चा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे मी पाहिलेत.

परवा मामेभावाचा मेसेज आला. सायबरपंकचा स्क्रीनशॉट, कोपऱ्यात आकडा ७१. खाली लिहिलं होतं, "ताई, सगळे खरे."